२१४ कोटींच्या पुढचा आकडा: प्रोग्रॅमिंगची भाषा तो नीट वाचते का, हे कसं तपासायचं

गोरेगावातल्या एका सोसायटीची सभासदांची यादी काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर आली. ८४ फ्लॅट, ८४ ओळी. नाव, फ्लॅट नंबर, फोन. पहिल्या ओळीत फोन होता २१४७४८३६४७. दुसऱ्या ओळीत २१४७४८३६४७. खाली खाली जात राहिलो, तोच नंबर. ‘उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही’ हा मेसेज कुणालाच पोचत नाही, अशी सेक्रेटरीकाकांची तक्रार होती. महिनाभर ती कुणी मनावर घेतली नव्हती, कारण प्रोग्रॅमने एकदाही एरर दाखवली नव्हती. अख्ख्या यादीत एकच ओळ शाबूत होती. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या एका आजींनी तिथला लँडलाइन दिला होता, २० ने सुरू होणारा.

त्या एका ओळीनेच उलगडा झाला. फोनचा रकाना ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांत साठवायच्या, पूर्णांकाचा होता. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. पुण्याचा एसटीडी कोड २०, त्यामुळे पुण्याचा दहा आकडी लँडलाइन २०० ते २१० कोटींमध्ये राहतो आणि आत मावतो. मुंबईचा कोड २२, म्हणजे २२० कोटी, सीमेच्या बाहेर. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, ते तर ६०० कोटींच्या पुढेच. डेटाबेस मायएसक्यूएलचा होता आणि त्याचा कडक (स्ट्रिक्ट) मोड बंद होता. अशा वेळी मायएसक्यूएल न मावणारा आकडा नाकारत नाही, सीमेवरचा आकडा लिहून मोकळा होतो. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक मोड मुळातच चालू असतो, पण जुनी बसवलेली कामं अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत.

तेव्हापासून कुठलीही भाषा, लायब्ररी किंवा डेटाबेस हातात आला की मी आधी एक गोष्ट तपासतो. ‘तुला किती मोठा आकडा येतो?’ हा प्रश्न मी दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न असतो: ‘आला नाही तर तू काय करतेस?’ ओरडणारी भाषा परवडते. गप्प बसून चुकीचा आकडा हातात ठेवणारी भाषा माणसांचं नुकसान करते, आणि ते कळेपर्यंत खरा आकडा पुसला गेलेला असतो.

एक सूचना आधीच. या लेखातले आकडे देवनागरीत छापले आहेत. चाचणी करताना कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी अंक टाइप करा. देवनागरी अंकांची चाचणी वेगळी आहे, ती पुढे येते.

आधी सीमा पाठ करा

चार सीमा तोंडपाठ असल्या की निम्मं काम होतं. ३२ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक उणे २१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत जातो. चिन्हाशिवायचा ३२ बिटी ४२९४९६७२९५ पर्यंत. ६४ बिटांचा चिन्हासहित ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत, म्हणजे १९ अंकी. आणि चौथी सीमा, जिचा विसर सगळ्यात जास्त पडतो: ९००७१९९२५४७४०९९१. दशांश आकडे ठेवणाऱ्या ‘डबल’ या प्रकारात इथपर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक राहतात, त्यापुढे मधले मधले आकडे गळायला लागतात. जावास्क्रिप्टचा साधा नंबर हा डबलच असतो.

हे आकडे डोळ्यांसमोर आणायला मला आपली जुनी दशमान परिभाषा उपयोगी पडते. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकम् पासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ६४ बिटांची सीमा साधारण ९२ परार्ध येते, म्हणजे ती अठराही स्थानं आत आरामात मावतात. जावास्क्रिप्टची सुरक्षित सीमा मात्र नऊ अंत्यांच्या जरा पुढे संपते. अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्यं.

रोजच्या व्यवहारात हे कुठे लागतं? रकमा पैशांत साठवायची पद्धत चांगली आहे, दशांशाच्या भानगडी टळतात. पण ३२ बिटांत पैसे ठेवले, तर सीमा येते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर. मुंबईत ही दोन खोल्यांच्या फ्लॅटची किंमत आहे, दादर-पार्ल्यात तर एवढी रक्कम कमीच पडेल. २ कोटी २५ लाखांचा व्यवहार पैशांत केला की २२५ कोटी पैसे होतात. आकडा गुंडाळला जात असेल, म्हणजे सीमा ओलांडल्यावर दुसऱ्या टोकापासून मोजणी पुन्हा सुरू होत असेल, तर रकान्यात उणे २ कोटी ४ लाख ४९ हजार ६७२ रुपये ९६ पैसे दिसतील. हे गणित स्वतः करून पाहा: २२५००००००० वजा ४२९४९६७२९६.

वरच्या टोकालाही असंच. मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं एकूण बाजारमूल्य एप्रिल २०२४ मध्ये ४०० लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं. पैशांत मांडलं तर चारावर सोळा शून्यं. जावास्क्रिप्टची सुरक्षित सीमा पैशांच्या हिशेबात साधारण ९० लाख ७ हजार कोटी रुपयांनाच संपते. चारशे लाख कोटींच्या आसपास डबलमध्ये शेजारच्या दोन पूर्णांकांत आठाचं अंतर पडतं, त्यामुळे बेरीज आठ-आठ पैशांच्या उड्या मारते. दलाल स्ट्रीटच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांनी हे विसरून चालत नाही.

निदानाचे तीन आकडे

डॉक्टर आधी नाडी, जीभ आणि डोळे बघतो, तशा मी तीन स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून दिलेले आकडे, आधी चालवतो. भाषेचा स्वभाव जवळपास पूर्ण कळतो.

पहिली: ४२९४९६७२९७. हा आकडा दोनाच्या बत्तिसाव्या घातापेक्षा एकाने मोठा आहे. ३२ बिटांच्या पूर्णांकात वाचायला सांगा. उत्तर १ आलं, तर भाषा आकडा गुंडाळते, किलोमीटर मोजणाऱ्या जुन्या यंत्रात सगळे नऊ झाल्यावर शून्यापासून परत सुरुवात व्हायची तसं. उत्तर २१४७४८३६४७ आलं, तर ती सीमेवर अडकून बसते. एरर आली, तर ती ओरडते. आणि आकडा जसाच्या तसा आला, तर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा प्रकार आतून वापरला जातो आहे.

बरोबर ४२९४९६७२९६ का घेत नाही? कारण तो गुंडाळला की शून्य होतो, आणि काही भाषा वाचता आलं नाही तरी शून्यच देतात. दोन वेगळे आजार एकाच लक्षणात लपतात. एक अंक पुढे गेलं की ते वेगळे दिसतात. ६४ बिटांसाठी याचा भाऊ म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. गुंडाळला, तर त्याचंही उत्तर १.

या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणाऱ्या कोडमध्ये, बरेच जण तपासतात की उत्तर उणे झालं का, आणि झालं तर ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. ती तपासणी पुरत नाही. आकडा पूर्ण एक फेरी मारून पुन्हा अधिक बाजूला उतरू शकतो. ६०० कोटी घ्या: ३२ बिटांत गुंडाळल्यावर १७०५०३२७०४ उरतात. अधिक आहे, सभ्य दिसतो आणि साफ चूक आहे.

दुसरी: ९००७१९९२५४७४०९९३. शेवटचा अंक ३ आहे, तो नीट पाहा. उत्तराच्या शेवटी २ आला, तर आकडा वाटेत कुठेतरी डबलमधून गेला आणि गोल झाला. जावास्क्रिप्टमध्ये पार्सइंटला (स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला) ही स्ट्रिंग दिली की ९००७१९९२५४७४०९९२ मिळतो, एररविना. पायथॉनमध्ये थेट इंट केलं तर बरोबर येतो, पण कुणी आधी फ्लोट (दशांश आकडा) करून मग इंट केलं असेल, तर तिथेही शेवटी २. म्हणून भाषा चांगली आहे एवढ्यावर विसंबू नका, तुमच्या कोडचा रस्ता तपासा. ३२ बिटी फ्लोटसाठी हेच काम १६७७७२१७ करतो. तो १६७७७२१६ झाला की समजायचं.

तिसरी: १,००,०००, स्वल्पविरामांसकट. एक लाख. जावास्क्रिप्टचा पार्सइंट याला म्हणतो १. सीचं एटूआय (atoi) म्हणतं १. पीएचपीत इंटचं कास्टिंग केलं, म्हणजे प्रकार बदलून पूर्णांक केला, तरी १. या तिन्ही ठिकाणी पहिला अनोळखी वर्ण दिसला की वाचन थांबतं आणि तोवर जमलेलं उत्तर म्हणून दिलं जातं. पायथॉनचं इंट, जावाचं पार्सइंट, गोचं आटूआय आणि रस्टचं पार्स इथे स्पष्ट नकार देतात. जावास्क्रिप्टमध्येच ‘नंबर’ वापरला तर ‘हा आकडा नाही’ असं उत्तर येतं, ते एकाच्या मानाने कितीतरी बरं. मात्र हाच ‘नंबर’ रिकाम्या स्ट्रिंगला शून्य म्हणतो, तीही एक वेगळी ओळ चाचणीत असू द्या.

कोणती भाषा कशी वागते

सीपासून सुरुवात करू, कारण इतरांच्या बऱ्याच सवयी तिथून आल्या. एटूआयला न मावणारा आकडा दिला तर काय होईल, याची सीच्या नियमांत कोणतीही हमी नाही. चाचणीत आज बरोबर दिसलेलं उत्तर उद्या कंपायलर बदलला की बदलू शकतं, म्हणून ते तपासण्यात वेळ घालवू नका, ते वापरणंच बंद करा. स्ट्रटोल (strtol) वापरा. ते सीमेवर थांबतं आणि एररनोमध्ये, म्हणजे चूक नोंदवायच्या ठरलेल्या जागी, ‘मर्यादेबाहेर’ अशी खूण ठेवतं. दोन गोष्टी सांभाळा: हाक मारण्याआधी एररनो शून्य करा, आणि वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटी पोचला का ते बघा. शिवाय स्ट्रटोल जो ‘लाँग’ पूर्णांक देतं, तो ६४ बिटी लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, पण ६४ बिटी विंडोजवरही तो ३२ बिटांचाच राहतो. त्यामुळे तीच चाचणी दोन्हीकडे चालवल्याशिवाय तिला अर्थ नाही. चिन्हाशिवायच्या स्ट्रटूलला (strtoul) ‘उणे १’ दिलं तर ते रागावत नाही, सगळ्यात मोठा आकडा देतं. ही ओळ चाचणीत नक्की घाला.

जावा ओरडते, नंबरफॉरमॅटएक्सेप्शन ही एरर फेकते. पण ‘अबक’ दिलं तरी आणि २१४७४८३६४८ दिला तरी एक्सेप्शन तेच. कचरा होता की आकडा मोठा होता, हे त्या प्रकारावरून कळत नाही. सी शार्पमध्ये दोन्हींसाठी वेगळी एक्सेप्शन आहेत. रस्ट याबाबतीत सगळ्यात स्वच्छ वाटते, कारण एररच्या आतच अधिक बाजूने बाहेर गेला की उणे बाजूने हे लिहिलेलं असतं. जावात धोका वाचताना नसतो, नंतरच्या कास्टिंगमध्ये असतो. ३०० कोटींचा लाँग (६४ बिटी) इंटमध्ये (३२ बिटी) कोंबला की उणे १२९४९६७२९६ येतो. तेच ३०० कोटी डबलमधून इंटमध्ये आणले तर मात्र २१४७४८३६४७ वर थांबतात. एकाच भाषेत दोन वाटा, दोन स्वभाव.

गोमध्ये एक खाच आहे. पार्सइंट दोन गोष्टी परत देतं, आकडा आणि एरर. मर्यादेबाहेर गेल्यावर एरर तर येते, पण सोबतचा आकडा शून्य नसतो, सीमेवरचा असतो. कुणी घाईत एररच्या जागी खालची रेघ (_) लिहून ती टाकून दिली, की गोरेगावच्या यादीचीच गोष्ट पुन्हा घडते. म्हणून गोची चाचणी लिहिताना एरर आणि आकडा दोन्ही तपासा.

रुबीला मोठ्या आकड्यांची भीती नाही, हवा तेवढा मोठा आकडा सांभाळते. पण तिचं टू-आय ‘१२अबक’ मधून १२ निमूटपणे काढतं. कडक वाचन हवं तर इंटिजर या नावाचं फंक्शन वापरायचं. पायथॉनचा विषय मोठा आहे, तो वेळेच्या चाचणीत घेतो.

ओरडणं चांगलं म्हटलं, पण ऐकणारं कुणी हवं. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटी दशांश आकडा १६ बिटी पूर्णांकात बदलताना मावला नाही. भाषा एडा होती, तिने एक्सेप्शन दिलं. ते हाताळणारा कोडच त्या ठिकाणी ठेवला नव्हता. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि प्रज्वलनानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट संपलं. त्यामुळे चाचणीत फक्त ‘एरर आली’ एवढ्यावर खूण करू नका. ती वर कुठवर पोचते आणि शेवटी माणसाला काय दिसतं, तेही लिहा.

सीमेवर तिघांना उभं करा

प्रत्येक सीमेसाठी तीन ओळी: सीमेच्या एक अलीकडे, नेमकी सीमा, एक पलीकडे. उणे बाजूलाही तसंच. इथे उणे २१४७४८३६४८ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. हा आकडा वैध आहे, पण त्याचं अधिक रूप ३२ बिटांत मावत नाही. आधी अंक वाचून अधिक आकडा तयार करायचा आणि शेवटी चिन्ह लावायचं, असा पार्सर इथे पडतो. जावाच्या मूळ पार्सइंटमध्ये बेरीज उणे बाजूनेच केली जाते ती याचसाठी, कारण उणे बाजूला एक घर जास्त आहे. स्वतः पार्सर लिहायची वेळ आली, तर ही युक्ती उचला.

वेळ साठवणारा कोड असेल, तर २१४७४८३६४८ सेकंदांची ओळ घाला. १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले ३२ बिटी सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. वीस वर्षांचं गृहकर्ज आज घेतलं, तर त्याचे हप्ते त्या तारखेच्या पुढे जातात. म्हणजे हा प्रश्न आजच्या कोडचा आहे.

देवनागरी अंक, स्वल्पविराम आणि एक्सेलचा ई

ही पायरी इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही, आणि आपल्याकडे ती टाळता येत नाही. फॉर्मवर माणूस मराठी कीबोर्डने १२३ टाइप करतो. पायथॉनचं इंट तो आकडा बिनतक्रार एकशे तेवीस म्हणून वाचतं. जावाही वाचते. जावास्क्रिप्ट, गो, रस्ट आणि सी शार्प वाचत नाहीत. समोर जावास्क्रिप्ट आणि मागे पायथॉन असेल, तर एकाच फॉर्मबद्दल दोघांची मतं वेगळी होतात.

त्यात तपासणीचे नमुनेही फसवतात. ‘कोणताही अंक’ अशी रेगेक्समधली (मजकुराचा नमुना जुळवून बघायच्या पद्धतीतली) खूण पायथॉन आणि डॉटनेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालते त्यात) देवनागरी अंकांनाही लागू पडते. डॉटनेटमध्ये मग गंमतीचा नव्हे, त्रासाचा प्रसंग येतो: तपासणी पास होते आणि लगेच पुढच्या ओळीत पार्स नापास होतं. उलट दिशेनेही पाहा. ब्राउझरमध्ये मराठी लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) देऊन एक लाख छापला, तर तो १,००,००० असा देवनागरीत येतो. तोच मजकूर कुणी परत पार्सइंटला दिला, तर आकडा मिळत नाही. हिंदी लोकॅलमध्ये हे होत नाही, कारण तिथे मुळात इंग्रजी अंक धरलेले आहेत. म्हणून ‘हिंदीत चाललं, मराठीतही चालेल’ असं गृहीत धरू नका. मिसळलेले अंकही घ्या, अर्धे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी. पायथॉन तेही स्वीकारते. पैशांच्या व्यवहारात मला हे नको असतं, कारण बंगालीतला चार दिसायला इंग्रजी आठासारखा असतो. डोळ्यांना आठ दिसतात आणि भाषा चार वाचते. अशा ठिकाणी आधी अंकांची लिपी तपासावी, एकापेक्षा जास्त लिप्या दिसल्या तर नकार द्यावा, मगच पार्स करावं.

एक्सेलचं दुखणं ऑफिसात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. ९१ लावलेला मोबाइल नंबर बारा आकडी होतो आणि रकान्यात ९.१९ई+११ असं काहीतरी दिसायला लागतं. तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) सेव्ह केली की फाइलमध्ये तेच जातं, मूळ अंक राहत नाहीत. पुढे पार्सइंटने ती वाचली, तर हातात ९ येतो. पायथॉन नकार देते. पीएचपी ७.१ पासून ई समजून घेते आणि भलामोठा, गोल, चुकीचा आकडा देते. एक्सेल पंधराच अंक अचूक ठेवतं, त्यामुळे सोळा आकडी कार्ड नंबरचा शेवटचा अंक शून्य होतो. चाचणीच्या फाइलमध्ये अशी एक ओळ हवीच. पुढे-मागे मोकळी जागा, अधिकचं चिन्ह, सुरुवातीची शून्यं, आकड्यांमधली खालची रेघ (पायथॉन ३.६ पासून ती चालवून घेते), यांच्या एकेक ओळी पुरतात.

ताळा

मोठा आकडा वाचला, पुन्हा स्ट्रिंग करून छापला, दोन्ही स्ट्रिंग जुळल्या. बहुतेक चाचण्या इथे थांबतात. पण वाचणारा आणि छापणारा कोड एकाच लायब्ररीचा असतो. दोघांची चूक एकमेकांना झाकू शकते. स्वतंत्र साक्षीदार हवा.

तो शाळेतच शिकवलेला आहे: नऊचा ताळा. ९००७१९९२५४७४०९९३ मधल्या अंकांची बेरीज ७८, मग १५, मग ६. गोल झालेल्या ९००७१९९२५४७४०९९२ ची ७७, १४, ५. ताळा जुळत नाही, चूक पकडली. नऊचा ताळा दोन अंकांची अदलाबदल मात्र पकडत नाही, गळलेलं शून्यही पकडत नाही. म्हणून मी ९७ ने भागून बाकी काढतो. पद्धत अशी: बाकी शून्यापासून सुरू करा, स्ट्रिंगमधला डावीकडून एकेक अंक घ्या, बाकीला दहाने गुणा, अंक मिळवा, ९७ ने भागून पुन्हा बाकी ठेवा. आकडा कधीच हजाराच्या पुढे जात नाही, त्यामुळे कुठल्याही भाषेत ही बाकी विश्वासाने निघते. मग भाषेने वाचलेल्या मोठ्या पूर्णांकाला ९७ ने भागून बाकी काढा. दोन्ही सारख्या यायला हव्यात. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल यातून सुटूच शकत नाही, कारण ९७ मूळ संख्या आहे. दहा हजार यादृच्छिक स्ट्रिंग, एक ते पाचशे अंकांच्या, एवढं चालवायला चहा होईपर्यंत वेळ लागत नाही.

वेळ मोजा

आता पायथॉन. तिचा पूर्णांक मेमरी पुरेल तितका मोठा होतो, म्हणून चाचणीची गरज नाही असं अनेकांना वाटतं. १०,००० अंकांची स्ट्रिंग इंटला देऊन पाहा. ३.११ पासून पुढे व्हॅल्यूएरर येते, कारण दशमान स्ट्रिंगमधून पूर्णांक करायला ४,३०० अंकांची मर्यादा घातली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षा-अपडेटमध्येही आली, म्हणून ३.१० मध्येही ३.१०.७ च्या आधी आणि नंतर वेगळं उत्तर मिळतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या पद्धतीने दशमान आकडा द्विमानात नेताना अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. कुणी बाहेरून लाखो अंकांचा एकच आकडा जेसनमध्ये (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात) पाठवला, तर सर्व्हर त्यातच गुंतून पडतो. सोळाच्या पायात लिहिलेल्या आकड्यांना ही मर्यादा नाही, कारण तिथे अंक थेट बिटांत बसतात.

तुमच्या भाषेसाठी १०,०००, २०,०००, ४०,००० आणि ८०,००० अंकांच्या स्ट्रिंग वाचायला लागणारा वेळ लिहून ठेवा. प्रत्येक टप्प्याला वेळ दुप्पट होत असेल तर निश्चिंत राहा, चौपट होत असेल तर बाहेरून येणाऱ्या स्ट्रिंगच्या लांबीवर पार्स करण्याआधी मर्यादा घाला. पायथॉनची मर्यादा सेटिंगने वाढवता येते, शून्य दिलं तर पूर्ण उठते. बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या सर्व्हरवर ती उठवू नका.

पूर्ण प्रवास तपासा

एकेका भाषेची चाचणी झाली तरी आकडा एका भाषेत राहत नाही. एक्सेलमधून सीएसव्ही, तिथून सर्व्हर, जेसन, ब्राउझर, परत सर्व्हर, शेवटी डेटाबेस. जेसनच्या नियमांत आकड्याला कमाल मर्यादा नाही, पण सुरक्षित देवाणघेवाण हवी तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या आत राहा, असं त्यातच सुचवलं आहे. गोमध्ये प्रकार न सांगता जेसन उघडलं, तर आकडे डबल होतात. ट्विटरने २०१० साली ६४ बिटी आयडी आणले, तेव्हा जावास्क्रिप्टमध्ये ते बिघडू नयेत म्हणून प्रत्येक आयडी मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली होती.

म्हणून शेवटची चाचणी अशी: ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा पहिल्या टोकाला, म्हणजे माणूस टाइप करतो त्या चौकटीत टाका. शेवटच्या टोकाला, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीत तो वाचा. शेवटी ३ दिसला पाहिजे. नाही दिसला, तर एकेक टप्पा सोडवत मागे या. मोबाइल, आधार, खाते क्रमांक यांच्यासाठी मात्र हा खटाटोप करूच नका. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी होणार नाही, ते मजकूर म्हणून ठेवा. काही खाते क्रमांक शून्याने सुरू होतात, ते शून्य पूर्णांकात गेलं की परत येत नाही.

गोरेगावच्या त्या यादीतले ८३ नंबर परत मिळाले नाहीत. डेटाबेसमध्ये सीमेवरचा आकडा होता आणि मूळ फाइल कुणी ठेवली नव्हती. सेक्रेटरीकाका आणि मी रविवारी सकाळी वही घेऊन ए विंगच्या तळमजल्यापासून सुरुवात केली, संध्याकाळपर्यंत सी विंग झाली. रकाना मजकुराचा केला, कडक मोड चालू केला आणि वर सांगितलेल्या ओळींची एक साधी फाइल कोडसोबत ठेवली. आवृत्ती बदलली की ती आधी चालते. पायथॉन अपडेट झाल्यावर त्यातली पाच हजार अंकांची ओळ एकदा नापास झाली, तेव्हा ४,३०० ची मर्यादा मला त्या फाइलनेच सांगितली.